कमांड मधेच "हो का नाही" विचारत बसते, तिला परस्पर उत्तर कसं द्यायचं?

रात्रपाळी · सोमवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. एका डिप्लोमा कॉलेजात लॅब सांभाळतो. नेटवर्किंगच्या लॅबमधे ४८ मशीन आहेत, सगळ्यांवर उबंटू २२.०४ सर्व्हर (लिनक्स) आणि वर एक हलका डेस्कटॉप. प्रॅक्टिकलच्या आधी सगळ्या अपडेट करून दोन-तीन पॅकेजं टाकायची असतात. दरवर्षी मी आणि शिपाईमामा एकेका मशीनसमोर बसून हे करतो, दोन दिवस जातात. यंदा म्हटलं जरा शहाणपणा करू. शेल स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या कमांडी) लिहिली, मशीनमागून मशीन घेणारा फॉर लूप, त्यात एसएसएच (दुरून दुसऱ्या मशीनवर कमांड चालवायला) मायनस टी, आणि पलीकडे सुडो (ॲडमिनच्या हक्काने) ॲप्ट-गेट अपग्रेड, म्हणजे पॅकेजं अपडेट. रात्री साडेनऊला लावली, पहिल्या मशीनचा पासवर्ड दिला, भराभर अक्षरं धावायला लागली, समाधानानं घरी गेलो.

सकाळी बघतो तर पहिल्याच मशीनवर जांभळा पडदा, कुठल्या सर्व्हिस रिस्टार्ट करू म्हणून विचारतोय, ओके दाबायला कोणी नाही. रात्रभर तसाच उभा. आणि हो, दुसऱ्या मशीनला पासवर्ड कोण देणार होतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, हसू नका.

येस कमांड पाइप करून (तिचं आउटपुट त्यात ओतून) बघितली, उपयोग शून्य. एसएसएच पासवर्ड मागतं आणि तसंच बसून राहतं. तर प्रश्न असा की या सगळ्या प्रश्नांना आपोआप उत्तरं द्यायची सोय काय? गुरुवारपर्यंत लॅब तयार पाहिजे.

(मोबाइलवरून देवनागरीत टाइप करतोय त्यामुळे कमांडी अशा दिसतायत, गोड मानून घ्या.)

टवाळ_टर्मिनल · सोमवार, रात्री ११:५१

शिपाईमामांना पाइप करा. हलके घ्या.

हापूस_बाइट · मंगळवार, सकाळी ७:१०

येस कमांड म्हणजे आपला नंदीबैल आहे हो. पाऊस पडेल का? मान हलवली. पोरगं पास होईल का? हलवली. सर्व्हर पुसू का? हलवली. तिला काही कळत नसतं, ती फक्त "वाय" आणि एंटर, "वाय" आणि एंटर असं ओकत राहते, कोणी थांबवेपर्यंत. समोरच्याने विचारलंय काय हे ती वाचतच नाही. म्हणून जिथे सगळ्या प्रश्नांचं उत्तर खरंच "वाय" आहे तिथेच वापरायची. अँड्रॉइडच्या एसडीके मॅनेजरची लायसन्सं स्वीकारायला सगळे तीच पाइप करतात, तिथे ठीक आहे. (तसंही ती लायसन्सं माणूस बसला तरी कुठे वाचतो.)

अवांतर: येसच्या पुढे काहीही शब्द दिला तर ती तोच म्हणत राहते. "येस हो" करून बघा, हो हो हो हो करत सुटते. लग्नाच्या बैठकीत मुलाच्या मामाला लावून ठेवायला चांगली.

जुनाट_प्रॉम्प्ट · मंगळवार, सकाळी ८:२५

रात्रपाळी, तुमची येस का चालली नाही ते सांगतो. एसएसएच पासवर्ड स्टँडर्ड इनपुटमधून वाचतच नाही. ते थेट टर्मिनल उघडतं, म्हणजे डेव्ह खालची टीटीवाय नावाची फाइल, आणि तिथून वाचतं. तुम्ही पाइपमधून काहीही ओता, ते दाराशी पडून राहणार, एसएसएच खिडकीतून माणूस शोधतंय. हे मुद्दाम केलंय. पहिल्यांदा जोडताना होस्ट-की (पलीकडच्या मशीनची ओळख) बद्दल विचारतं तेही तसंच, आणि तिथे नुसतं "वाय" तर चालतही नाही, पूर्ण "येस" लिहावं लागतं, नाहीतर परत विचारतं.

पण माझं म्हणणं असं की तुम्ही प्रश्नच उलटा धरलाय. उत्तर कसं द्यायचं हे नंतर. आधी बघा की प्रश्न विचारलाच जाणार नाही अशी सोय त्या प्रोग्रामात आहे का. दहापैकी नऊ वेळा असते.

पासवर्डसाठी एसएसएच-की (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली-फाइल) करा, एसएसएच-कॉपी-आयडीने सगळीकडे टाका. होस्ट-की साठी स्ट्रिक्ट-होस्ट-की-चेकिंगला "ॲक्सेप्ट-न्यू" द्या, म्हणजे नवीन मशीन निमूट स्वीकारतं पण जुन्या मशीनची की बदलली तर अडतं. "नो" देऊ नका, ते बदललेल्या कीलाही जाऊ देतं. सुडोसाठी सुडोअर्स-डी (सुडोच्या नियमांचं फोल्डर) मधे एक छोटी फाइल, तुमच्या युजरला नोपासवर्ड, आणि ती व्हिसुडोनेच (तो चुका तपासतो) लिहा, हाताने लिहून एक अक्षर चुकलं तर सुडोच बसू शकतं. जांभळा पडदा नीडरीस्टार्टचा आहे, २२.०४ सर्व्हरमधे तो आधीपासून असतो. नीडरीस्टार्ट-मोड या व्हेरिएबलला "ए" दिलं की आपला आपण रिस्टार्ट करतो.

रात्रपाळी · मंगळवार, सकाळी ९:०२

काका दंडवत. की कॉपी करायलाही ४८ वेळा पासवर्ड मागणार ना पण?

झटपट_जुगाडू · मंगळवार, सकाळी ९:१५

एसएसएच-पास टाका, विषय संपला. मायनस पी च्या पुढे पासवर्ड लिहायचा, तो खोटं टर्मिनल तयार करून एसएसएचला फसवतो. पाच मिनिटांचं काम. इथे लोक उगाच पीएचडी करतायत.

कुलूपकिल्ली · मंगळवार, सकाळी ९:४०

झटपटराव, मायनस पी ने पासवर्ड कमांड लाइनवर येतो. शेलच्या हिस्टरीत राहतो, आणि त्याच मशीनवर दुसऱ्या कोणी पीएस (चालू प्रोग्रामांची यादी) मारलं तर तिथेही दिसू शकतो. हे नेटवर्किंगच्या पोरांचं लॅब आहे, पीएस मारणं हा त्यांचा छंद असतो.

झटपट_जुगाडू · मंगळवार, सकाळी ९:४४

लॅब आहे ताई, रिझर्व्ह बँक नाही.

कुलूपकिल्ली · मंगळवार, सकाळी ९:५८

लॅबमधल्या पासवर्डवरच उद्या पेपर सेट करणाऱ्या सरांचं मशीन उघडतं की नाही ते रात्रपाळींना विचारा.

रात्रपाळी · मंगळवार, सकाळी १०:०३

... प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

टवाळ_टर्मिनल · मंगळवार, सकाळी १०:०४

कळलं.

वैतागलेली_वैशाली · मंगळवार, सकाळी १०:३०

दोघांचंही बरोबर आहे, भांडू नका. एसएसएच-पासला पासवर्ड फाइलमधून किंवा एनव्हायरन्मेंटमधून देता येतो, मायनस एफ आणि मायनस ई. एकदाच वापरा, की पोचवा, आणि नंतर काढून टाका. नाहीतर ॲन्सिबल (बरीच मशीन एकदम सांभाळायचं साधन) घ्या, त्यात आस्क-पास आणि आस्क-बिकम-पास असे दोन पर्याय आहेत, सुरुवातीला एकदा विचारतं आणि सगळ्या मशीनना तेच वापरतं. (गंमत म्हणजे पासवर्डने जोडायचं म्हटलं की ॲन्सिबलची जुनी आवृत्ती म्हणते आधी एसएसएच-पास टाका. म्हणजे फिरून गाडी भोपळे चौकातच.)

आता माझा अनुभव, कारण नुसतं "मायनस वाय लावा" म्हणून सुटत नाही. ॲप्ट-गेटला मायनस वाय लावलं की "पुढे जाऊ का" हा एकच प्रश्न संपतो. पॅकेजचे स्वतःचे प्रश्न वेगळे, ते डेबकॉन्फ विचारतं. टीझेडडेटाने (टाइमझोनचं पॅकेज) डॉकर बिल्डमधे माझे दोन तास खाल्लेत, तुम्ही कुठल्या खंडात राहता म्हणे. बिल्ड सर्व्हरला कुठला खंड. त्यासाठी डेबियन-फ्रंटएंड हे व्हेरिएबल "नॉन-इंटरॲक्टिव्ह" करायचं. आणि तरीही तिसऱ्या जातीचा प्रश्न उरतो, तो डीपीकेजीचा (पॅकेज प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्राम): ही कॉन्फिग फाइल तू बदललेली आहेस, नवीन टाकू का जुनी ठेवू? फ्रंटएंड नॉन-इंटरॲक्टिव्ह असला तरी तो विचारतोच, कारण तो डेबकॉन्फच्या हातातला नाही. त्याला फोर्स-कॉन्फडेफ आणि फोर्स-कॉन्फओल्ड द्यावं लागतं, मग तुमची जुनी फाइल तशीच राहते.

अजून एक, यात मी अख्खा दिवस घालवलाय. डेबियन-फ्रंटएंड सुडोच्या आधी लिहिलं तर सुडो बहुतेक व्हेरिएबलं पुसून मगच पुढे जातं. सुडोच्या नंतर, ॲप्ट-गेटच्या आधी लिहा. नीडरीस्टार्ट-मोडचंही तेच.

हापूस_बाइट · मंगळवार, सकाळी ११:०५

वाचनखूण साठवली. तीन जातीचे प्रश्न ही गोष्ट मला दहा वर्षांत कोणी अशी सांगितली नव्हती.

परप्रांती_पोपट · मंगळवार, दुपारी २:२०

जर्मनीतून लिहितोय. आमच्याकडे विंडोजचा एक जुना बॅच होता, कुणीतरी फार पूर्वी लिहिलेला, फोल्डरच्या परवानग्या बदलायला सीएसीएलएस वापरायचा आणि पुढे "एको वाय" पाइप केलेलं, कारण त्या कमांडला स्वतःला "विचारू नको" असा पर्यायच नाही. भारतातल्या ऑफिसात उत्तम चालायचा. इथल्या मशीनवर चालेना. कारण इथला विंडोज जर्मन, तो विचारतो "जे का एन", जे म्हणजे जर्मन भाषेतला या, म्हणजे हो. आमचा बॅच बिचारा "वाय" सांगतोय. शोधायला दोन दिवस लागले आणि सापडल्यावर कपाळावर हात मारला. लिनक्सवर म्हणूनच स्क्रिप्टमधे एलसी-ऑलला (लोकेल, म्हणजे भाषेचं सेटिंग) "सी" देऊन टाकतो, म्हणजे निदान प्रश्न तरी ठरलेल्या भाषेत येतात.

टवाळ_टर्मिनल · मंगळवार, दुपारी २:२६

पुण्यात "हो का नाही" विचारलं तर तिसरंच उत्तर येतं: "का? तुम्हाला काय करायचंय?" त्याला कुठला लोकेल?

स्विचवाला · मंगळवार, संध्याकाळी ६:४५

वरच्या सगळ्यांचं "प्रश्नच विचारू देऊ नका" हे सर्व्हरवाल्यांना शोभतं. आम्ही नेटवर्कवाले काय करणार? जुन्या नेटवर्क स्विचला ना एपीआय, ना मायनस वाय. तिथे एक्स्पेक्टशिवाय गत्यंतर नाही, आणि या धाग्यात अजून कोणी त्याचं नाव घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतंय.

एक्स्पेक्ट १९९० मधलं आहे, डॉन लाइब्स या माणसाने अमेरिकेच्या निस्टमधे (मानकं ठरवणारी सरकारी संस्था) असताना लिहिलं, ऑस्टरहाउटच्या टिकल भाषेवर. कल्पना साधी आहे. स्पॉनने प्रोग्राम खोट्या टर्मिनलात चालू करायचा, एक्स्पेक्टने विशिष्ट मजकूर यायची वाट बघायची, तो आला की सेंडने उत्तर टाकायचं, आणि पुढचं माणसाने बघायचं असेल तर इंटरॅक्टने त्याच्या हातात द्यायचं. नंदीबैलात आणि याच्यात फरक हा की हा प्रश्न वाचतो. पायथनवाल्यांना पीएक्स्पेक्ट आहे, तत्त्व तेच. आळशी लोकांसाठी ऑटो-एक्स्पेक्ट, तुम्ही एकदा हाताने करून दाखवा, ते बघून स्क्रिप्ट लिहितं. पण त्याने लिहिलेलं जसंच्या तसं वापरू नका, स्क्रीनवर आलेली तारीख-वेळसुद्धा ते पाठ करून ठेवतं आणि उद्या तीच तारीख यायची वाट बघत बसतं.

आता माझी फजिती. एक्स्पेक्टचा टाइमआउट न सांगता १० सेकंद असतो. आणि टाइमआउट झाला की तो ओरडत नाही, थांबत नाही, सरळ पुढच्या ओळीवर जातो. आमचा एक स्विच म्हातारा, लॉगिनला कधी कधी बारा-तेरा सेकंद घ्यायचा. त्यामुळे सगळी उत्तरं एक घर पुढे सरकली, आणि इनेबलचा (स्विचच्या ॲडमिन मोडचा) पासवर्ड गेला तो पासवर्डच्या जागी नाही, साध्या प्रॉम्प्टवर, कमांड म्हणून. सिस्कोवाल्यांना पुढचं माहीत आहे. ओळखीची कमांड नसली की त्याला वाटतं हे कुठल्यातरी मशीनचं नाव असणार, आणि डीएनएस (नावावरून पत्ता देणारा) सर्व्हर सांगितलेला नसला तर तो ब्रॉडकास्ट करून अख्ख्या नेटवर्कला विचारतो. म्हणजे आमचा पासवर्ड मी स्वतः गावभर दवंडी पिटून विचारला: हा कुणाला माहीत आहे का?

तेव्हापासून प्रत्येक एक्स्पेक्टमधे टाइमआउट आणि ईओएफची (पलीकडचा प्रोग्राम बंद झाल्याची) फांदी लिहितो, काही अनपेक्षित आलं की बाहेर. आणि सगळ्यात आधी "टर्मिनल लेंग्थ शून्य", नाहीतर पान भरलं की ते "मोअर" येऊन बसतं.

कुलूपकिल्ली · मंगळवार, संध्याकाळी ७:०२

दवंडी 😂😂 आणि नो आयपी डोमेन-लुकअप (नावं शोधणं बंद करणारी ओळ) कोण लिहिणार?

स्विचवाला · मंगळवार, संध्याकाळी ७:०९

त्याच रात्री लिहिलं.

नवशिकी_निशा · मंगळवार, रात्री ८:३०

एक बावळट प्रश्न. बऱ्याच एक्स्पेक्ट स्क्रिप्टमधे "पासवर्ड"ची वाट बघताना पहिला पी गाळलेला असतो, ते टायपो असतं का? मी एकीकडे दुरुस्त केला तर सरांनी परत काढायला लावला.

स्विचवाला · मंगळवार, रात्री ८:४१

बावळट नाही. काही प्रोग्राम मोठ्या पीने लिहितात, काही छोट्या. पी गाळला की दोन्ही जुळतात. इंग्रजीत जे उरतं ते जरा चावट दिसतं हे मान्य.

मिरजमळा · मंगळवार, रात्री १०:१५

सरकलेल्या उत्तरांवरून आठवलं. एका ठिकाणी मला तीसेक पेनड्राइव्ह एकसारखे पार्टिशन करून द्यायचे होते. एफडिस्कला (पार्टिशन करणारा प्रोग्राम) उत्तरं हीअरडॉकने (स्क्रिप्टमधेच लिहून ठेवलेल्या ओळी) पुरवली: एन, पी, एक, एंटर, एंटर, डब्ल्यू (म्हणजे लिही). नव्या कोऱ्या पेनड्राइव्हवर तपासलं, फर्स्ट क्लास. मग आले वापरलेले पेनड्राइव्ह. त्यांच्यावर जुन्या फाइलसिस्टीमची सही सापडली की एफडिस्क मधेच एक जादा प्रश्न विचारतं, ही सही काढून टाकू का? माझा डब्ल्यू गेला त्या प्रश्नाला उत्तर म्हणून आणि लिहायचं राहूनच गेलं. स्क्रिप्ट मात्र शेवटी छापते "झालं", कारण ते मीच एकोने छापलेलं, तपासून नव्हे. सतरा पेनड्राइव्ह जसेच्या तसे, लोकांच्या जुन्या फायलींसकट, वाटून मोकळा झालो. एकात कोणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो होते.

एसएफडिस्क नावाचा भाऊ याच कामासाठी आहे हे नंतर कळलं. त्याला आराखडा फाइलमधून देता येतो.

हापूस_बाइट · मंगळवार, रात्री १०:३०

साखरपुडा पुढे टिकला का?

मिरजमळा · मंगळवार, रात्री १०:३३

फोटोत तरी दोघं हसत होते.

जुनाट_प्रॉम्प्ट · बुधवार, सकाळी ८:००

मिरजमळा, अगदी हेच. हीअरडॉक म्हणजे परीक्षेला प्रश्नपत्रिका न बघता पाठ केलेली उत्तरं क्रमाने लिहून येणं. एक प्रश्न वाढला की सगळं एक नंबरने चुकीचं, आणि प्रत्येक अपडेटमधे कोणीतरी प्रश्न वाढवतोच.

आणि काही प्रश्न अडवण्यासाठीच असतात हेही जरा ध्यानात ठेवा. २०२१ मधे लायनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएसवर (एक लिनक्स) स्टीम (गेमचं ॲप) टाकताना काय केलं आठवतंय? ॲप्ट सांगत होतं की अत्यावश्यक पॅकेजं निघतील, करायचंच असेल तर "यस, डू ॲज आय से!" हे वाक्य पूर्ण टाइप कर. त्याने केलं. डेस्कटॉप गेला. पॅकेजिंगमधे चूक होती हे खरं, पण ब्रेक तिथे होता. ॲप्ट-गेटचं मायनस वाय या बाबतीत शहाणं आहे, अत्यावश्यक पॅकेज निघायची वेळ आली तर ते हो म्हणत नाही, काम सोडून देतं. डेबियनमधे मॉली-गार्ड म्हणून पॅकेज आहे, एसएसएचवरून शटडाउन मारलं की मशीनचं नाव टाइप करायला लावतं. मी स्वतः एकदा माझा लॅपटॉप समजून भलताच सर्व्हर बंद केलाय, तेव्हापासून ते सगळीकडे टाकतो.

झटपट_जुगाडू · बुधवार, सकाळी ८:२०

मग येसच्या पुढे ते अख्खं वाक्य द्यायचं की.

जुनाट_प्रॉम्प्ट · बुधवार, सकाळी ८:२२

तुमच्या हातात रूट दिलाय कोणी?

वैतागलेली_वैशाली · बुधवार, सकाळी ९:१०

येस वापरणाऱ्यांसाठी एक खडा: स्क्रिप्टच्या वर सेट मायनस ई आणि पाइपफेल (कुठलीही कमांड चुकली की स्क्रिप्ट थांबवणारी सेटिंगं) असेल तर पलीकडची कमांड संपल्यावर येसला सिगपाइप (वाचणारा गेल्याचा सिग्नल, नंबर १३) बसतो, आणि सगळं नीट होऊनही पाइपलाइन १४१ देऊन स्क्रिप्ट मरते. १२८ अधिक १३. आमचा बिल्ड आठवडाभर लाल होता.

रात्रपाळी · बुधवार, संध्याकाळी ५:५०

मंडळी अपडेट देतो. की पोचवल्या (एसएसएच-पास, मायनस एफ, नंतर काढून टाकला, कुलूपकिल्लीताई). नोपासवर्ड झालं. फ्रंटएंड, नीडरीस्टार्ट, कॉन्फओल्ड सगळं सुडोच्या नंतर लिहिलं. मायनस टी काढला. मशीनची यादी फाइलमधे टाकून व्हाइल-रीडने (एकेक ओळ घेणारा लूप) वाचतोय. पहिलं मशीन एकही प्रश्न न विचारता पूर्ण झालं, डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं.

पण पहिल्या मशीननंतर स्क्रिप्ट संपते. एरर नाही, काही नाही. बाकी ४७ ना हातच लावत नाही. यादी बरोबर आहे, चारदा मोजली.

जुनाट_प्रॉम्प्ट · बुधवार, संध्याकाळी ६:०४

हा हा. यादी एसएसएचने खाल्ली.

व्हाइल-रीड ज्या इनपुटमधून मशीनची नावं वाचतंय, तेच इनपुट लूपमधल्या एसएसएचला मिळतं. एसएसएचला वाटतं हे पलीकडे पाठवायचंय, तो उरलेल्या सगळ्या ओळी गिळून टाकतो. पंगतीत पहिल्याच पाहुण्याने सगळी परात रिकामी केली, वाढपी पुढे जाणार काय घेऊन. एसएसएचला मायनस एन लावा, म्हणजे तो डेव्ह-नलमधून (कायम रिकामी फाइल) वाचेल.

परवा पाइपमधून दिलेलं तो घेत नाही म्हणून तुमची तक्रार होती, आज न देता घेतोय.

रात्रपाळी · बुधवार, संध्याकाळी ६:११

🙏🙏 धावतंय. मशीन ४ वर आहे.

टवाळ_टर्मिनल · बुधवार, संध्याकाळी ६:१२

आज घरी जाऊ नका हो.

रात्रपाळी · गुरुवार, सकाळी ८:५५

गेलो होतो. ४७ मशीन ओके. लॉग वाचला, कुठेही अडकलं नाही.

मशीन ३१ ला कनेक्शनच मिळालं नाही. जाऊन बघितलं तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: तारीख-वेळ सेट नाही, पुढे जायला एफ-वन दाबा. परवा लाइट गेली होती तेव्हापासून तसंच उभं असणार. याला काय पाइप करू?

स्विचवाला · गुरुवार, सकाळी ९:०३

सीमॉसचा (बोर्डावरच्या घड्याळाचा) सेल गेलाय, सीआर २०३२, घड्याळवाल्याकडे मिळेल. आणि बायॉसमधे "एरर आला तर एफ-वनची वाट बघ" असं सेटिंग असतं बऱ्याच बोर्डांवर, ते बंद करून ठेवा.

रात्रपाळी · गुरुवार, सकाळी ९:२०

सेल आणायला निघालोय. एफ-वन शिपाईमामांनी दाबलं.

टवाळ_टर्मिनल · गुरुवार, सकाळी ९:२१

पहिलाच प्रतिसाद वाचा म्हटलं होतं.